लिलावातून घोडा सोडवायचाय? आधी हे वाचा

पागेवाली

हिवाळा लागला की मला ठरलेला मेसेज येतो. सोबत फेसबुकवरची एक पोस्ट. अंधाऱ्या गोठ्यात मान खाली घालून उभी असलेली घोडी, मागच्या मांडीवर चिकटवलेला नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शुक्रवारी ट्रक निघणार. पैसे भरा, नाहीतर मेक्सिको.' म्हणजे तिथला कत्तलखाना. मग मैत्रिणीची विचारणा, "तू घोड्यांचं बघतेस ना? सगळ्यांनी मिळून हिला सोडवूया का?"

प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

मी पेनसिल्व्हेनियात राहते, लँकेस्टर काउंटीजवळ. सुट्टीच्या दिवशी सोडवलेले घोडे सांभाळणाऱ्या एका लहानशा संस्थेत जाते. काम म्हणजे शेण उचलणं, पाणी भरणं, खरारा, आणि अधूनमधून लिलावाला निघालेल्यांच्या गाडीत बसणं. हा भाग आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा. त्यांची शेती आणि येणंजाणं अजून घोड्यांवर, त्यामुळे घोडेबाजार ही इथे जत्रेपुरती गोष्ट नाही. न्यू हॉलंडचा सोमवारचा लिलाव तर सगळ्या पूर्व किनाऱ्याला माहीत आहे. शिवाय आसपास लहानसहान बाजार बरेच.

आत काय चालतं ते सांगते. दोन्ही बाजूंना उतरती बाकं, मधे भुसा टाकलेला अरुंद पट्टा. एकेका घोड्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर. चालणारा घोडा असेल तर एखादा पोरगा वर बसून दोन फेऱ्या मारतो आणि "लहान मुलंही बसतात यावर" म्हणून ओरडतो. लिलाववाल्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच. काही घोडे मात्र स्वाराशिवाय, नुसतेच आत सोडतात. मोकळा सोडला की बाकावरचे सगळे काय ते समजतात: लंगडा, म्हातारा किंवा खोडीचा.

येणारे घोडे कोण? शर्यतीतून उतरलेले स्टँडर्डब्रेड, ज्यांनी नंतर वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर बग्गी ओढली आणि आता गुडघे गेलेत. नांगराचे अवाढव्य बेल्जियन. मुलगी कॉलेजला गेली म्हणून घरात कुणालाच नको झालेली तट्टं. घेणारे म्हणजे शेतकरी, उन्हाळी शिबिरवाले, दलाल. आणि ज्यांच्याकडे कत्तलखान्याचं कंत्राट असतं ते, म्हणजे किल बायर.

अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. शेवटचे तीन होते, दोन टेक्सासात आणि एक इलिनॉयमध्ये. पण देशभरासाठी बंदीचा कायदा असा झालेलाच नाही. मांस तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांसाठी काँग्रेस पैसे मंजूर करत नाही, म्हणून कत्तलखाना चालू शकत नाही, एवढंच. घोडे सीमेपलीकडे नेण्यावर बंदी नाही. म्हणून ते कॅनडाला किंवा मेक्सिकोला जातात. नियमानुसार सलग २८ तास चारापाण्याशिवाय ट्रकमध्ये ठेवता येतात.

आता मुद्द्याचं. किल बायर वजन बघतो. पौंडाचा भाव गुणिले वजन, वजा ट्रकचा खर्च. म्हणजे फोटोतली हाडं निघालेली घोडी त्याच्या फारशी कामाची नसते. खरा धोका त्या गुबगुबीत बेल्जियनला, जो कुणाला केविलवाणा दिसत नाही. मग हाडांच्या घोडीचा फोटो का टाकतात? कारण तिच्यावर तुम्ही पैसे भरता. लिलावात चारशे डॉलरला घेतलेली घोडी पेजवर हजाराला 'सोडवायला' लावायची, आणि मिळालेल्या पैशांतून पुढच्या सोमवारी आणखी दोन घ्यायच्या. ट्रक ज्या घोड्यांनी भरायचा त्यांनी भरतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत: अशा पेजवर एक डॉलरही भरू नका. सोडवायचंच असेल तर लिलावात बसून, किल बायरच्या वर बोली लावून सोडवा. त्याहून चांगलं म्हणजे घोडा लिलावाला निघायच्या आधीच मालकाकडून घ्या. आमच्या संस्थेत हल्ली बहुतेक घोडे असेच येतात. त्यात थरार नसतो, त्यामुळे देणग्याही कमी येतात.

---

कावेरी_जर्सी

छान लिहिलंयस. पण एक सांग, त्या पेजवरची घोडी खरोखर ट्रकमध्ये गेली तर? माझ्या एका दोनशे डॉलरने जर ती वाचत असेल तर मी बाजाराचं अर्थशास्त्र कशाला बघू?

---

पागेवाली

कावेरी, तुला वाईट वाटणं मला कळतं, आणि ती एक घोडी वाचेलही. पण पैसे भरल्यावर ती जाते कुठे ते विचार. पुष्कळदा पैसे शंभर जणांनी भरलेले असतात आणि घोडी घ्यायला एकही जण तयार नसतो. मग ती कुणाच्या तरी मागच्या अंगणात, तिथून परत लिलावात. एकाच घोड्याचा फोटो वर्षभरात दोन वेगळ्या पेजवर आम्ही पाहिलेला आहे. कपाळावरचा पांढरा ठिपका आणि मानेवरचा शिक्का सारखाच होता.

---

शंकेखोर

धागाकर्तीचा राग पत्करून विचारतो. कत्तलखाने बंद करून नेमकं काय साधलं? आधी घोडा टेक्सासात मरत होता, आता आणखी लांबचा प्रवास करून मेक्सिकोत मरतो. इथे पोल्ट्रीच्या कोंबड्यांवर कुणी धागा काढत नाही.

---

पागेवाली

राग कशाला, प्रश्न बरोबर आहे. अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाचा, जीएओचा, २०११ चा अहवाल हेच म्हणतो. २०१० साली जवळपास १,३८,००० घोडे कत्तलीसाठी कॅनडा-मेक्सिकोला गेले, म्हणजे कत्तलखाने सुरू होते तेव्हाइतकेच. स्वस्तातल्या घोड्यांचे भाव ८ ते २१ टक्के पडले. भाव पडले की मालक डॉक्टरवर खर्च करेनासा होतो, कारण उपचाराचं बिल घोड्याच्या किमतीच्या वर जातं.

पण तेव्हापासून निर्यात बरीच घटलीय. त्यामागे भूतदयेपेक्षा युरोपचा हात मोठा. इथल्या घोड्यांना बारीकसारीक दुखण्यासाठी फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक सर्रास देतात, आणि ते खाण्याच्या जनावराला चालत नाही. २०१५ पासून युरोपियन युनियनने मेक्सिकोचं घोड्याचं मांस घेणं थांबवलं. पुढे कॅनडालाही अट घातली की अमेरिकेतून आलेला घोडा आधी सहा महिने कॅनडात राहिलेला हवा. सहा महिने चारा घालायचा म्हणजे दलालाचा नफा गेला.

कोंबड्यांचा धागा काढा, येते.

---

टवाळ

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण घोड्यांना लागू होते का?

---

मी_पशुवैद्य

@टवाळ, घोड्याला तर पहिले दातच बघायचे. :) वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही, ती धारदार होते आणि गाल-जीभ सोलते. समोर चारा असूनही घोडा वाळत जातो. गव्हाणीत अर्धवट चावलेल्या गवताच्या गुंडाळ्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, कानशीने दाढा घासून द्यायला झाल्यात. मी पुण्याजवळ काम करतो, इथेही तेच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कारण चांगल्या हेतूने घोडे मारलेले पाहिलेत. उपाशी घोडा घरी आणला की लोकांचे हात शिवशिवतात. हरभरा, गूळ, कोंडा, जे असेल ते पुढ्यात ओततात. महिनोन्महिने उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर-स्टार्च गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडून घोडा जातो. लोक म्हणतात, 'इतकं खायला घातलं, तरी गेला.'

कॅलिफोर्नियाच्या यूसी डेव्हिस विद्यापीठात यावर पद्धतशीर काम झालंय. त्यांनी सुचवलेलं खाणं म्हणजे अल्फाल्फा, आपला लसूणघास. त्यात स्टार्च कमी आणि ही खनिजं भरपूर. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा. मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर. चंदी, म्हणजे दाणा, त्यानंतरही लगेच नाही. पाणी आणि मीठ मात्र कायम समोर.

घोडा किती खंगलाय ते मोजायला हेनेकेची १ ते ९ ची पट्टी वापरतात, १९८३ पासून. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. हिवाळ्यात लांब केस येतात आणि खालच्या बरगड्या लपतात. हात घालून चाचपा.

---

पागेवाली

डॉक्टर, फार उपयोगी. आमच्याकडे दर चार तासांच्या पाळ्या लागतात, आणि पहाटे दोनची पाळी घ्यायला बोली लावावी लागते.

यात विलगीकरणाची भर घालते. लिलावाच्या गोठ्यात दहा ठिकाणचे घोडे एकाच हौदात तोंड घालतात, त्यामुळे स्ट्रँगल्स हा संसर्गाचा आजार फार. जबड्याखाली गाठी सुजतात, पिकतात, फुटतात. आमच्याकडे नवा घोडा महिनाभर लांबच्या गोठ्यात, त्याची बादली वेगळी, फावडं वेगळं, तिथले गमबूट वेगळे. त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं आणि तसंच घरी जायचं. मैत्रिणीच्या तबेल्यात 'जरा दोन दिवस ठेवते' म्हणून आणलेल्या घोड्यामुळे सगळा तबेला बंद पडू शकतो.

---

नंदुरबारी

आमच्या सारंगखेड्याचं कुणी नाव काढलं नाही म्हणून लिहितो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला सुरू होते, आणि देशभरातून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा. टीव्हीवर दरवर्षी अमुक लाखाचा, तमुक कोटीचा घोडा दाखवतात. विकले जाणारे बहुतेक घोडे त्या भावाचे नसतात.

आमच्याकडे बोली लागत नाही, समोरासमोर सौदा. आणि घोडा स्वस्त कशाने होतो माहितीये? भोवऱ्याने. जाणता गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. गळ्यावर देवमण असला तर भाव चढला. चारी पाय पांढरे नि तोंडावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, तर विचारूच नका. पण डोळ्याखाली भोवरा असला की आसूढाळ, मालकाला रडवणारा. मग तो घोडा कितीही देखणा, कितीही गुणी असू द्या, घरात बांधायला कुणी नेत नाही. तो जातो लग्नाच्या वरातीला नाहीतर टांग्याला. मी लहानपणापासून बघतोय, अशा घोड्याच्या मालकाला भाव विचारला तर तो आधी घोड्याचं तोंड दुसरीकडे वळवतो.

---

मी_पशुवैद्य

@नंदुरबारी, अगदी. पण आपल्याकडे स्वस्त घोडा घेताना खरी भीती ग्लँडर्सची. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर फोड. माणसालाही होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, आणि तिथे पॉझिटिव्ह ठरला तर कायद्यानुसार घोडा मारावाच लागतो, उपचार करत बसता येत नाही. म्हणून तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय यात्रेतून घोडा हलवू नका. विकणारा 'दाखला मागून पाठवतो' म्हणाला तर तिथूनच रामराम.

---

गिरगावकर

मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि गाड्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. मला निकाल पटला होता. मरीन ड्राइव्हवर रात्री अकराला, दिव्यांच्या माळा लावलेल्या गाडीपुढे फेस गाळणारे घोडे आम्ही रोज बघायचो. आता विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. पण निकालाच्या वेळी माझ्या मनात एकच शंका होती: ज्याच्या घरात आधीच घोड्याच्या चंदीची मारामार, त्याची गाडी बंद केली तर तो घोडा ठेवेल कशाला?

आणि आपल्याकडे घोडा खाल्ला जात नाही, त्यामुळे इथे ट्रकही नाही. नको झालेला घोडा रस्त्यावर सोडतात. उकिरड्यावर प्लॅस्टिक खाणारी गाय सगळ्यांना दिसते. तसाच घोडा मी कल्याण-शिळ रस्त्यावर बघितलाय.

---

रानवेल

+१. माथेरानला ई-रिक्षा आल्यापासून हेच मनात येतं. हातरिक्षा ओढणाऱ्यांची सुटका होतेय ते उत्तमच, पण घोडेवाल्यांचा धंदा बसला तर पावसाळ्यात घोड्यांचं काय? तसाही तिथे सीझन संपला की घोडा म्हणजे नुसता खर्च.

---

चंपक_बॉस्टन

स्नोमॅनची गोष्ट कशी आली नाही अजून? न्यू हॉलंडच्याच लिलावातला घोडा! १९५६ मध्ये हॅरी डीलेयर नावाचा घोडेस्वारी शिकवणारा डच मास्तर लिलावाला उशिरा पोचला. उरलेले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवले होते. त्यातला एक पांढरा नांगराचा घोडा त्याने ८० डॉलरला उतरवून घेतला. नंतर शेजाऱ्याला विकला, तर घोडा कुंपणं ओलांडून परत घरी! तेव्हा याला उडी मारता येते हे कळलं. आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला उड्यांच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेता. अंगावर काटा येतो.

---

पागेवाली

चंपक, गोष्ट खरीच आहे, आणि तो घोडा डीलेयरकडे शेवटपर्यंत राहिला म्हणून मला जास्त आवडते. पण लिलावात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हाच स्नोमॅन असतो, आणि त्याचा आम्हाला त्रास होतो. आमच्याकडचे बहुतेक घोडे कधीच कुणाला पाठीवर घेणार नाहीत. ते पुढची दहापंधरा वर्षं गवत खातील, खूर कापून घेतील आणि नालबंदाला लाथ मारतील. घोडा २५-३० वर्षं जगतो. बारा वर्षांचा घोडा सोडवला म्हणजे अर्धं आयुष्य अंगावर घेतलं.

विजेतेही सुटत नाहीत. १९८६ ची केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकलेला फर्डिनंड २००२ मध्ये जपानमध्ये कत्तलखान्यात गेला. त्यानंतर इथल्या काही मालकांनी विक्रीच्या करारातच अट घालायला सुरुवात केली की घोडा नको झाला तर आधी आम्हाला विचारा.

म्हणूनच आम्ही लिलावात पहिल्यांदा ओळख शोधतो. थरोब्रेडचा वरचा ओठ उलटला की आत गोंदलेला नंबर असतो, पहिलं अक्षर जन्मवर्षाचं. २०१७ पासून जन्मलेल्यांना मायक्रोचिप. जुन्या स्टँडर्डब्रेडला मानेवर, आयाळीखाली गोठणशिक्का, म्हणजे अतिथंड लोखंडाने उमटवलेला शिक्का. मागच्या हिवाळ्यात एका तांबड्या घोडीचा ओठ मी धरला होता, दुसरी टॉर्च घेऊन वाचत होती, घोडी आमच्या दोघींच्या तोंडावर शिंकत होती. शाई इतकी फिकी की ३ आणि ८ यावरून वाद. शेवटी ८ निघाला. ज्यांच्याकडे ती जन्मली होती त्या बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "बोली लावा, पैसे मी देते, ट्रेलर घेऊन निघाले." घोडी आमच्याकडे आलीच नाही, थेट घरी गेली. पेजवर टाकायला ओरडणारा फोटोही नव्हता.

---

शंकेखोर

एक अप्रिय प्रश्न. ज्याचं काही होण्यासारखं नाही असा घोडा?

---

पागेवाली

त्याला आम्ही इंजेक्शन देतो. कधीकधी मोडक्या पायाचा घोडा फक्त तेवढ्यासाठीच लिलावातून घेतो, की त्याला तो २८ तासांचा प्रवास घडू नये. देणगीदारांना हे सांगितलं की काही जण तुटतात. सांगावं लागतंच. औषध पेंटोबार्बिटल असल्याने मृतदेह उघड्यावर टाकता येत नाही, ते मांस खाल्लेले गरुड आणि कुत्रे मरतात. खोल पुरायचा किंवा जाळायचा, त्याचा खर्च वेगळा.

---

रानवेल

मला हे नाही पटत. पैसे भरून विकत घ्यायचा आणि मारायचा? त्यापेक्षा तेवढ्या पैशात बरा होऊ शकणारा घोडा घ्यावा.

---

पागेवाली

आमच्या संस्थेतही यावर दर बैठकीत भांडण होतं, आणि तुझ्या बाजूला निम्मे लोक आहेत.

---

कावेरी_जर्सी

धागा वाचून सोडवण्याचं भूत थोडं उतरलं, पण पुरतं नाही. आमच्याकडे चार एकर आहे, लेक दोन वर्षं रायडिंग शिकतेय. लिलावातून नाही, पण एखाद्या संस्थेतून घोडा दत्तक घ्यायचा असेल तर? खर्चाचा अंदाज हवाय. नवरा म्हणतोय, घोडामैदान जवळच आहे, आधी हिशेब दाखव. :)

---

पागेवाली

अगं, संस्थेतून घेशील तर उत्तमच. घोड्याचा स्वभाव त्यांना माहीत असतो, दाढा घासलेल्या असतात, कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची) झालेली असते. करारात सहसा असतं की घोडी गाभण करायची नाही, लिलावात द्यायचा नाही, आणि नाहीच जमलं तर घोडा संस्थेला परत. ती अट जाचक वाटेल, पण तीच घे.

हिशेब: घोडा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा खातो. ४५० किलोचा घोडा धर, तर सात ते नऊ किलो सुकं गवत रोज, हिवाळ्यात सगळं विकतचं. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. लसी, जंताचं औषध, दात वर्षाकाठी. आणि हे सगळं गुणिले दोन, कारण एकटा घोडा कुढतो. दुसरं एखादं म्हातारं तट्टू चालेल, पण सोबत हवी. घोड्याची किंमत यात सगळ्यात किरकोळ.

---

मी_पशुवैद्य

आणि रोज मोकळं फिरणं. 'भाकरी का करपली, घोडा का अडला' याचं उत्तर शाळेत पाठ केलंय ना सगळ्यांनी.

---

कावेरी_जर्सी

चार एकराला कुंपण आहे. मागच्या बाजूला जुनी काटेरी तार आहे, चालेल?

---

पागेवाली

मुळीच नाही. घोडा बिचकला की थेट तारेत शिरतो आणि मग पाय सोडवताना आणखी फाडून घेतो. ती काढून लाकडी फळ्या किंवा रुंद पट्टीचं कुंपण घाल. आणि कुरणात रेड मेपलची झाडं आहेत का बघ. त्याची वाळलेली, कोमेजलेली पानं घोड्याला विषारी. थोडीशी खाल्ली तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

---

कावेरी_जर्सी

आहेत ना, चांगली तीन मोठी. लेकीचा झोपाळा त्यातल्याच एकाला बांधलाय.

---

पागेवाली

मग आधी त्या झाडांना वळसा घालून नवं कुंपण कुठून जाईल त्याचा नकाशा काढ आणि मला पाठव. वारा पानं कुठे नेतो तेही लिही. मार्चमध्ये येऊन बघते.